गाडी सुरू होत नाहीये? आधी कान द्या

पहाटेचे साडेपाच. घरचे सगळे गाडीत बसलेले, डिकीत पिशव्या, अंबाबाईसाठीचा नारळ मागच्या काचेपाशी, आणि मी चावी फिरवतोय तर गाडी ढिम्म. ना आवाज, ना थरथर. कोल्हापूरला निघालो होतो. गाडी घेऊन तीनच महिने झाले होते, तीही वापरलेली घेतलेली, त्यामुळे मनात पहिला विचार आला तो 'फसलो' असा. शेजारच्या काकांना उठवलं, त्यांनी बॅटरीवर टॉर्च मारून मान हलवली. शेवटी ओळखीच्या गॅरेजवाल्याला झोपेतून उठवलं. तासाभराने तो आला, सीटवर बसला, खाली वाकला, पायाखालची चटई मागे ओढली आणि गाडी सुरू केली. आदल्या दिवशी गाडी धुताना चटई काढली होती आणि परत टाकताना ती क्लचच्या पेडलखाली सरकली होती. क्लच शेवटपर्यंत दाबला जात नव्हता, म्हणून सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिली गिरकी देणारी मोटर, लागत नव्हता. त्याने येण्याचे दोनशे रुपये घेतले. घरात चटईचा विषय अजून निघतो.

तेव्हापासून गाडी सुरू झाली नाही की मी लगेच बॉनेट उघडत नाही. आधी ऐकतो. कुठे दुखतंय ते गाडी बहुतेक वेळा आवाजाने सांगते. आपण मात्र घाबरून पुन्हा पुन्हा चावी फिरवत राहतो आणि होती-नव्हती ती बॅटरीही संपवून बसतो. ज्यांना अजून बॉनेटचा खटका कुठे आहे तेही शोधावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. यातलं निम्मं काम पान्याला हात न लावता होतं.

पायरी १: आधी सीटवर बसूनच बघायचं

हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला घ्या.

चावी फिरतच नसेल तर जोर लावू नका. गाडी बंद करून उतरताना स्टीअरिंगला हिसका बसला की ते लॉक होतं आणि चावीही अडकते. एका हाताने स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने चावी हलकेच फिरवा, सुटते. मी एका नातेवाइकाला याच जागी चावी मोडताना पाहिलंय. मग चावीही गेली आणि तो दिवसही.

आता क्लच. हल्लीच्या बहुतेक मॅन्युअल गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. पेडलपाशी एक छोटा स्विच असतो, तो दाबला गेला तरच पुढचं सर्किट जुळतं. चटई, पाण्याची बाटली, मुलांचा चेंडू, काहीही आड येऊ शकतं. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर 'पी' किंवा 'एन'वर हवा आणि पाय ब्रेकवर. 'पी'वर काही होत नसेल तर 'एन'वर करून पाहा; गिअरची जागा ओळखणारा स्विच झिजला असेल तर एवढ्यानेही काम होतं. एएमटी गाड्यांत, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच पण क्लच-गिअर गाडी स्वतः बदलते अशा गाड्यांत, 'पी' सहसा नसतोच. चढावर गिअरमध्ये लावून ठेवलेली एएमटी सकाळी सुरू होईना म्हणून लोक घाबरतात. ब्रेक दाबून 'एन'वर आणली की चालू होते.

बटणाची गाडी असेल आणि 'चावी सापडत नाही' असा संदेश येत असेल तर बहुतेकदा रिमोटमधला सेल संपलाय. रिमोटच सुरू करायच्या बटणाला टेकवा आणि मग बटण दाबा. पुष्कळ गाड्यांत ही सोय असते. काहींत रिमोट ठेवायची जागा वेगळी असते, ती गाडीसोबतच्या पुस्तिकेत दाखवलेली असते. सेल बहुधा सीआर२०३२ हा चपटा गोल सेल असतो, घड्याळजीकडेही मिळतो.

सीएनजीवाल्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. कंपनीतूनच किट बसवून आलेल्या बऱ्याच गाड्यांत गॅस भरायच्या झाकणापाशी एक बारीक स्विच असतो. झाकण उघडं असेल तर गाडी सुरूच होऊ नये म्हणून तो दिलेला असतो. पंपावर तासभर रांगेत थांबून गॅस भरला, घाईत झाकण नीट लागलं नाही, आणि आता गाडी सुरू होत नाही, मागून हॉर्न सुरू. उतरून झाकण दाबा.

आणि हो, पेट्रोलचा काटा बघा. हसू नका. कमी पेट्रोल आणि उतारावर लावलेली गाडी, एवढ्यात टाकीतलं उरलेलं पेट्रोल पंपाच्या तोंडापासून दूर जाऊ शकतं.

पायरी २: एकदा चावी फिरवा आणि ऐका

एसी, पंखा, गाणी, दिवे बंद करा. खिडकी खाली घ्या. घरच्यांना दोन मिनिटं शांत बसायला सांगा, ही यातली सगळ्यात अवघड पायरी. मग चावी फिरवून फार तर पाच-सात सेकंद धरा आणि सोडा. सेल्फची मोटर पेट्रोल गाडीतही शंभर अँपिअरच्या पुढे करंट ओढते, डिझेलमध्ये त्याहून जास्त. सलग सेल्फ मारत राहिलात तर ती तापते आणि बॅटरीही बसते. दोन प्रयत्नांत निदान अर्ध्या मिनिटाचं अंतर ठेवा.

काय ऐकू आलं?

*काहीच नाही, डॅशबोर्डही अंधारात.* बॅटरी पूर्ण उतरलीय किंवा तिचं टर्मिनल (वायर जिथे बॅटरीला जोडलेली असते ते टोक) सुटलंय. पायरी ३ कडे जा.

*कट-कट-कट-कट, झपाट्याने.* नव्याण्णव टक्के बॅटरीच. सेल्फचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडून देणारा विजेवरचा खटका) ओढला जातो, पण मोटर फिरवण्याइतकं व्होल्टेज उरत नाही म्हणून सुटतो, पुन्हा ओढला जातो. तोच हा आवाज.

*घूंऽऽ… घूंऽऽ… घूं…* असा दम लागल्यासारखा. बॅटरी कमजोर आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकड्यावर येतो तेव्हा हा आवाज घरोघरी. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिनातलं ऑईलही घट्ट होतं. पण दोष थंडीचा असतोच असं नाही. बॅटरीला खरं मारतो तो उन्हाळा. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात बॉनेटखाली भाजलेली बॅटरी कशीबशी दिवाळीपर्यंत ओढते आणि पहिल्या गारठ्यात मान टाकते.

*एकच 'टक', आणि मग शांतता. दिवे मात्र झकास.* संशय सेल्फच्या मोटरवर, तिला आतून करंट पोचवणाऱ्या कार्बन ब्रशवर, सोलेनॉइडवर किंवा इंजिनकडून बॉडीकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या जाड वायरवर. पूर्वी मिस्त्री लोक सेल्फवर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकायचे आणि गाडी सुरू व्हायची. अजूनही होते. अडकलेले ब्रश ठोकल्याने हलतात, तेवढ्यापुरते. घरी पोचायला हा उपाय चालेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यावर विसंबू नका. हात नीट पोचत नसेल तर हा प्रयोग करूच नका.

*सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही.* बॅटरी आणि सेल्फ ठीक आहेत, त्यांच्यावर पैसे घालवू नका. पायरी ५.

*सुरू होते आणि दोन सेकंदांत बंद पडते.* डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय का बघा. बहुतेकदा गाडी चावी ओळखत नसते.

आवाजावरून नक्की कळलं नाही तर हेडलाइटची परीक्षा घ्या. भिंतीसमोर हेडलाइट लावून सेल्फ मारा. उजेड एकदम मरत असेल तर बॅटरी किंवा तिची जोडणी. उजेड तसाच राहिला आणि सेल्फचा आवाजच नाही, तर करंट तिकडे पोचतच नाही: क्लचचा स्विच, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), फ्यूज किंवा सेल्फ स्वतः. ही परीक्षा फुकट आहे आणि चुकत फार क्वचित.

पायरी ३: बॅटरी, म्हणजे दहातली सात कारणं

सात हा माझा अंदाज, पण कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा, तो यापेक्षा कमी सांगणार नाही.

बॉनेट उघडा. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. टर्मिनल हाताने हलवून पाहा. हलतंय? मग बॅटरी बसलेली नाही, जोडणी सैल आहे. बहुतेक गाड्यांत ते १० नंबरच्या पान्याने घट्ट होतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड जमली असेल तर तीही करंट अडवते. साफ करताना आधी वजा टर्मिनल काढायचं, मग अधिक. लावताना आधी अधिक, शेवटी वजा. हा क्रम पाठ करा. उलट केलंत आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दातघासणीने घासा, कोरडं पुसा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. या सगळ्याचा खर्च शून्य, आणि 'बॅटरी गेली' असं ठरवलेल्या कितीतरी गाड्या एवढ्यावर सुरू होतात.

पुढे मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं छोटं यंत्र. चार-पाचशे रुपयांत इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. गाडीसाठी आणलेल्या मोबाइल होल्डर, सुगंधी बाटली आणि सीटकव्हर यांच्यापेक्षा हा जास्त कामाला येतो असं माझं मत आहे. डीसी २० व्होल्टवर लावा, लाल अधिकला, काळा वजाला. गाडी काही तास बंद असताना १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास संपली. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. साडेनऊच्या बराच खाली कोसळत असेल तर ती बॅटरी भार पेलत नाही, मग बसल्याजागी १२.६ दाखवत असली तरी. भरलेला हंडा आणि उचलवत नसलेला हंडा यांतला हा फरक आहे.

देखभाल न लागणाऱ्या बॅटरीवर एक गोल डोळा असतो, हिरवा दिसला की सगळं ठीक असं दुकानदार सांगतो. तो डोळा सहापैकी एकाच खान्यात डोकावतो. बाकी पाच खान्यांचं त्याला काही माहीत नसतं.

*जंपर केबलने सुरू करणं*

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण नवखे लोक सगळ्यात जास्त नुकसान इथेच करून घेतात. मदतीची गाडीही १२ व्होल्टची हवी. हायवेवर दयाळू ट्रकवाला थांबला तर त्याला चहा पाजा, पण त्याच्या बॅटरीला केबल लावू नका. मोठ्या ट्रक-बसमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, तुमच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, त्यात जळू शकतो. केबलही जाड तारेची घ्या. सिग्नलवर विकतात त्या पुष्कळशा वरून जाड दिसतात, आत तार सुतळीएवढी.

१. दोन्ही गाड्या जवळ आणा, पण एकमेकींना टेकू देऊ नका. दोन्ही बंद, दोन्ही न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेले.

२. लाल केबलचं एक टोक बसलेल्या बॅटरीच्या अधिकला.

३. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला.

४. काळ्याचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या वजाला.

५. काळ्याचं दुसरं टोक बसलेल्या बॅटरीला लावायचं *नाही*. ते तुमच्या इंजिनावरच्या एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला किंवा जाड बोल्टला लावा, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो. म्हणून. बिडी-सिगारेटवाल्या मदतनिसालाही चार पावलं लांब उभं करा.

६. चांगली गाडी सुरू करून पाच मिनिटं चालू द्या. मग तुमची सुरू करा. झाली नाही तर आणखी पाच मिनिटं थांबा.

७. सुरू झाली की केबल उलट्या क्रमाने काढा. टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

आणि मग गाडी बंद करू नका! खाली उतरून दूध आणायला गेलात तर परत पहिल्यापासून. निदान अर्धा-पाऊण तास चालवा. तेवढ्याने पूर्ण उतरलेली बॅटरी भरत नाही, फक्त पुढच्या वेळेपुरती तग धरते. शक्य असेल तर बॅटरीवाल्याकडे रात्रभर चार्जिंगला ठेवा.

गाडी चालू असताना पुन्हा मल्टिमीटर लावा. साधारण १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर (चालू इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) चार्ज करतोय. १२ च्या घरातच घुटमळून खाली जात असेल तर नवीन बॅटरी घेऊनही ती दोन दिवसांत बसेल, कारण दुखणं अल्टरनेटरचं किंवा त्याच्या पट्ट्याचं आहे. काही जुने मिस्त्री हे तपासायला चालू गाडीचं टर्मिनल काढतात. 'बघा, बंद नाही पडली, म्हणजे अल्टरनेटर ओके.' कार्ब्युरेटरच्या, म्हणजे ईसीयू नसलेल्या जुन्या गाड्यांच्या, काळात ते खपून गेलं. आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळून ईसीयू जाऊ शकतो. नम्रपणे, पण ठाम नाही म्हणा.

बॅटरीचं वय बघा. आपल्याकडच्या हवेत तीन ते पाच वर्षं म्हणजे पूर्ण आयुष्य. नवी घेताना जुनीवरचा कोड जसाच्या तसा उतरवून न्या. त्यात शेवटी एल किंवा आर असतं, ते टर्मिनल कुठल्या बाजूला आहे ते सांगतं. उलटी घेतलीत तर गाडीतली वायर पोचणार नाही. जुनी बॅटरी परत द्या, तिच्यातल्या शिशाचे पैसे वळते होतात.

बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला, तरी दर चार दिवसांनी बसते? मग गाडी बंद असताना काहीतरी करंट पीत आहे. डिकीतला न विझणारा दिवा, बाहेरून बसवलेला डॅशकॅम, दुकानात वायर कापून जोडलेला अँप्लिफायर. बंद गाडीने २०-५० मिलिअँपिअर ओढणं साधारण ठीक आहे, त्यापुढे चोर शोधावा लागतो. गाडी नुसती उभी राहिली तरी हे थेंबथेंब गळणं चालूच असतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या सोसायटीत एकच जंपर केबल घरोघरी फिरत होती.

पायरी ४: धक्का स्टार्ट, पण कुणाची गाडी?

मॅन्युअल असेल तरच. ऑटोमॅटिक आणि एएमटीला धक्का मारून काही होत नाही, गिअरबॉक्सचं नुकसान मात्र होऊ शकतं. आणि बॅटरी इतकी मेलेली असेल की डॅशबोर्डचे दिवेही लागत नाहीत, तर मॅन्युअललाही उपयोग नाही. इंधनाचा पंप आणि ईसीयू यांनाही करंट लागतोच.

चावी 'ऑन'वर, क्लच पूर्ण दाबलेला, दुसरा गिअर. मागून दोघा-तिघांनी ढकलून गाडी पळत्या माणसाच्या वेगाला आली की क्लच झटकन सोडायचा, इंजिनाने पकडलं की लगेच पुन्हा दाबायचा. पहिल्या गिअरमध्ये केलंत तर गाडी हिसका देऊन थांबते आणि मागचे लोक डिकीवर आदळतात. इंजिन बंद असताना स्टीअरिंग जड आणि ब्रेक कडक लागतो, हे आधीच ध्यानात ठेवा. उतारावर एकट्याने तर नाहीच. चावी 'ऑफ'वर ठेवून ढकलणारे महाभागही असतात. पहिल्याच वळणावर स्टीअरिंग लॉक होऊ शकतं.

पायरी ५: सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही

चावी 'ऑन'वर आणा, सेल्फ मारू नका, आणि मागच्या सीटकडे कान द्या. बहुतेक पेट्रोल गाड्यांत एक-दोन सेकंद बारीक 'घूं' ऐकू येतं. तो टाकीतला पंप. ऐकू आलं नाही तर फ्यूज बघा. फ्यूजच्या डब्या सहसा दोन: एक डॅशबोर्डखाली, एक बॉनेटमध्ये. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. जळालेल्याच्या जागी त्याच रंगाचा लावा. मोठा लावू नका, तार किंवा चॉकलेटची चांदी तर अजिबात नाही. फ्यूज जळतो म्हणून वायरिंग वाचतं. नवाही लगेच जळाला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, तिथे थांबा.

चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी चावी वापरून पाहा. चावीच्या जुडग्यात आणखी एखाद्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती बाजूला करा, कधीकधी दोघींच्या चिप गोंधळ घालतात.

पेट्रोलचा वास येतोय का? पाचसहा वेळा सेल्फ मारल्यावर इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग पेट्रोलने ओले होतात. दहा मिनिटं थांबा, मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारा. पुष्कळ फ्यूएल इंजेक्शन गाड्यांत असं केल्यावर ईसीयू पेट्रोल तोडतो आणि आतली वाफ निघून जाते. पकडलं की पाय लगेच काढा.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सुळ्ळकन फिरतोय असं वाटलं तर प्रयत्न थांबवा. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ ठेवणारा पट्टा) तुटल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि तशात फिरवत राहणं म्हणजे व्हॉल्व्ह वाकवणं. गाडी तापल्यावर सुरू होत नाही आणि तासाभराने आपोआप होते, असं असेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन किती फिरलं ते ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरवर) संशय घ्या. हे घरी जमणारं नाही, पण मिस्त्रीला सांगितलंत तर त्याचा अर्धा दिवस वाचतो.

सीएनजी गाड्यांबद्दल एक गैरसमज. गॅस भरलाय म्हणजे पेट्रोलची गरज नाही असं समजून लोक वर्षानुवर्षं टाकी कोरडी ठेवतात. बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. टाटांच्या काही मॉडेलसारख्या थेट गॅसवर सुरू होणाऱ्या थोड्या. टाकीत पाच-सात लिटर ताजं पेट्रोल हवंच आणि अधूनमधून गाडी पेट्रोलवर चालवायला हवी, नाहीतर जुनं पेट्रोल चिकट होतं आणि कोरड्या टाकीतला पंप जळतो.

डिझेलवाल्यांनी पिवळं स्प्रिंगसारखं चिन्ह विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारायचा, विशेषतः थंडीत. डिझेल संपून गाडी बंद पडली असेल तर नुसतं भरून चालत नाही, पाइपमध्ये हवा शिरते. काही गाड्यांत फिल्टरपाशी हातपंप असतो, तो कडक होईपर्यंत दाबायचा. नसेल तर मिस्त्री. आणि पंपावर चुकून डिझेलऐवजी पेट्रोल भरलं गेलं हे वेळीच लक्षात आलं तर चावी 'ऑन'लाही आणू नका. ढकलत बाजूला घ्या, टाकी रिकामी करून घ्या.

आता उंदीर. पावसाळ्यात आणि थंडीत इंजिनाची ऊब त्यांना हवीच असते. बॉनेटखाली लेंड्या, आंब्याची कोय, रबराचे तुकडे दिसले तर वायरिंग कुरतडलंय असं समजा आणि सेल्फ मारण्याआधी टॉर्चने वायरी बघा. कुणी डांबरगोळ्या ठेवतं, कुणी तंबाखूची पुडी. दोन्हींचा वास आठवड्यात उडतो, उंदीर राहतात. मला उपयोग झाला तो गाडी कचरापेटीपासून लांब लावण्याचा आणि रोज हलवण्याचा.

विजेच्या गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि तीच बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही. मोठ्या बॅटरीच्या, जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलींना मात्र हात लावायचा नाही. पुस्तिका उघडा किंवा कंपनीची मदत बोलवा.

पाण्यात उभी राहिलेली गाडी

इथे एकच सूचना: सेल्फ मारू नका. एकदाही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर 'बघू तरी चालू होतेय का' म्हणून फिरवलेली चावी अशा गाडीचा घात करते. हवेसारखं पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. विमा कंपनीही सहसा पुराचं नुकसान एक आणि पाणी भरलेलं इंजिन फिरवून झालेलं नुकसान दुसरं, असा भेद करते. दुसऱ्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी घेतलेली असावी लागते. पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याच्या खुणेसकट फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, गाडी उचलूनच न्या. पाणी सीटपर्यंत आलं नव्हतं तरी एअर फिल्टर उघडून बघितल्याशिवाय सुरू करू नका. तो ओला असेल तर गाडी टोईंगनेच गॅरेजला.

रस्त्यात अडकलात तर

घाटात किंवा एक्स्प्रेसवेवर बंद पडली तर दुरुस्ती नंतर. चारी इंडिकेटर लावा, गाडी डाव्या कडेला जाईल तेवढी न्या, लाल त्रिकोण मागे बराच लांब ठेवा, वळण असेल तर मागून येणाऱ्यांना वळणाआधीच दिसेल असा. माणसं गाडीत न ठेवता कठड्यापलीकडे उभी करा. मदतीसाठी राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करा, इतरत्र अडचण मोठी असेल तर ११२ ला.

मिस्त्रीला फोनवर काय सांगायचं

'गाडी बंद पडलीय, या' एवढंच सांगितलं तर तो रिकाम्या हाताने येतो, बघतो, आणि सामान आणायला परत जातो. त्याऐवजी असं सांगा: 'दादा, पेट्रोल गाडी आहे, २०१८ ची, बॅटरी चार वर्षांची. काल रात्री व्यवस्थित लावली होती. सकाळी सेल्फला एकच टक आवाज येतो, दिवे झकास आहेत, टर्मिनल घट्ट केलीत, मीटरवर १२.५ दाखवतंय.' हे ऐकून तो सेल्फ काढायचे पाने घेऊनच निघेल. शक्य असेल तर सेल्फ मारतानाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. चांगला मिस्त्री तेवढ्यावर निम्मं ओळखतो.

टोईंगची गाडी बोलवत असाल तर गाडी बेसमेंटमध्ये आहे का, कितव्या, आणि तिथल्या छताची उंची किती, हे आधी सांगा. गाडी पाठीवर घेऊन जाणारा फ्लॅटबेड ट्रक आत शिरत नाही. मग गाडी रॅम्पवरून वर ढकलायला माणसं लागतात, आणि ती सकाळी आठच्या आत, सगळे ऑफिसला निघायच्या आधी, गोळा करावी लागतात.